जुनं शेअर सर्टिफिकेट डीमॅट करून देणारी चार दारं: कुठे काम होतं, कुठे अडतं

वडीलधाऱ्यांच्या कपाटात सापडलेलं शेअर सर्टिफिकेट घेऊन कोणत्याही ब्रोकरकडे गेलात तरी तो ते आहे तसं विकून देऊ शकत नाही. लिस्टेड कंपन्यांचे कागदी शेअर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करणं शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने १ एप्रिल २०१९ पासून बंद केलं. वारसाच्या नावावर चढवणं आणि संयुक्त धारकांच्या नावांचा क्रम बदलणं एवढंच त्यातून सुटलं. म्हणजे आधी डीमॅट (कागदी शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा करणं), मग विक्री. हे काम एका खिडकीवर होत नाही. कंपनीचा रजिस्ट्रार म्हणजे आरटीए, बँक, डीमॅट खातं देणारा डीपी, आणि शेअर सरकारी निधीत गेले असतील तर आयईपीएफ, अशी चार दारं आहेत.

निकाल आधीच सांगायचा तर व्यवस्था चालते आणि जवळपास फुकट चालते. अडते ती बहुतेक वेळा सहीत किंवा नावात. म्हणून ज्यांच्या नावावर शेअर आहेत ते स्वतः सही करू शकतात तोवर काम सुरू करणं याला फार किंमत आहे. त्यांच्या माघारी तेच सर्टिफिकेट वारसाहक्काचं प्रकरण होतं आणि फाइल तिप्पट जाड होते.

पहिलं काम घरीच, सर्टिफिकेट नीट वाचण्याचं. पुढच्या बाजूला धारकाचं नाव, फोलिओ नंबर (कंपनीच्या वहीतला धारकाचा खाते क्रमांक), सर्टिफिकेट नंबर, शेअरची संख्या, दर्शनी मूल्य आणि "पासून-पर्यंत" असे डिस्टिंक्टिव्ह नंबर (एकेका शेअरचे क्रमांक) असतात. हे डिस्टिंक्टिव्ह नंबर लांबलचक असतात आणि पुढे फॉर्ममध्ये एक आकडा चुकला तरी अर्ज परत येतो. पण खरी गंमत मागच्या बाजूला. तिथे हस्तांतराचा तक्ता असतो: तारीख, ट्रान्सफर नंबर, नवा फोलिओ, नव्या धारकाचं नाव आणि कोपऱ्यात अधिकाऱ्याची छोटी सही. पुढे कुणाचंही नाव असो, तक्त्यातली शेवटची नोंद ज्याची, तो मालक. पुढे छापलेला फोलिओ नंबरही मग जुना ठरतो, मागचा धरायचा. घरच्या माणसाचं नाव पुढेही नाही, मागेही नाही, आणि सोबत पिवळट पडलेला ७-बी फॉर्म (शेअर नावावर करण्याचा जुना फॉर्म) टाचलेला असेल, तर ते शेअर बाजारातून घेतलेले पण नावावर न केलेले. यातलं सगळ्यात अवघड प्रकरण हेच. २०१९ च्या बंदीआधी दाखल होऊन त्रुटींमुळे परत आलेल्या अर्जांसाठी सेबीने ७ जुलै २०२५ ते ६ जानेवारी २०२६ अशी खास मुदत दिली होती. अशी एखादी मुदत सध्या चालू आहे का, ते सेबीच्या परिपत्रकांत तपासल्याशिवाय या कागदांवर खर्च करू नका. आणि टाचलेला ७-बी फॉर्म काढून फेकू तर अजिबात नका.

सर्टिफिकेट जपायचं म्हणून लॅमिनेट करणारी मंडळी घरोघर आहेत. त्यांना वेळीच थांबवा. डीपीला त्यावर "डीमॅटसाठी जमा" असा शिक्का मारायचा असतो आणि कंपनीच्या नावावर दोन भोकं पाडायची असतात. लॅमिनेशनऐवजी दोन्ही बाजूंचं रंगीत स्कॅन करून ठेवा. कागद एकदा हातातून गेला की तेवढाच पुरावा उरतो.

सर्टिफिकेटवरचं कंपनीचं नाव आणि शेअरचा आकडा, दोन्हींवर विसंबू नये. टेल्को २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली आणि २०२५ मध्ये तिची प्रवासी आणि व्यापारी वाहनं अशी विभागणी झाली. हिंदुस्तान लिव्हरच्या १० रुपयांच्या एका शेअरचे २००० मध्ये १ रुपयाचे दहा झाले, २००७ मध्ये नाव हिंदुस्तान युनिलिव्हर झालं. जुन्या बजाज ऑटोची विभागणी २००८ मध्ये झाली, तेव्हा मूळ कंपनी बजाज होल्डिंग्ज बनली आणि धारकांना नव्या बजाज ऑटोचे आणि बजाज फिनसर्व्हचे शेअर वेगळे मिळाले. म्हणजे पिशवीत कागद एक असला तरी हक्क तीन कंपन्यांत असू शकतो. बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक होणं) यांची सर्टिफिकेटं त्या त्या वेळी पोस्टाने गेलेली असतात. घर बदललेलं असेल तर ती कंपनीकडे परत जातात आणि न मागितलेल्या शेअरच्या सस्पेन्स खात्यात पडून राहतात. म्हणून आरटीएला पहिलं पत्र किंवा ई-मेल लिहाल तेव्हा "हे शेअर डीमॅट करा" असं लिहू नका. "या फोलिओवर आज किती शेअर आहेत, कोणती सर्टिफिकेटं वैध आहेत, सस्पेन्स खात्यात किंवा आयईपीएफकडे काही गेलं आहे का, कोणत्या वर्षांचा डिव्हिडंड बाकी आहे" एवढंच विचारा. या एका पत्राने पुढचे दोन-तीन हेलपाटे वाचतात.

आरटीए कोण, हे कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या पानावर मिळतं. सर्टिफिकेटवर छापलेला पत्ता धरून चालू नका. कार्वी कॉम्प्युटरशेअरचं काम आज केफिन टेक्नॉलॉजीज या नावाने चालतं, लिंक इनटाइमचं नाव २०२४ च्या अखेरीस एमयूएफजी इनटाइम झालं. कंपनीच सापडत नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नावाने शोधा. तिथे "स्ट्राइक ऑफ" (नोंदणी रद्द) किंवा "लिक्विडेशन" (कंपनी गुंडाळली जातेय) दिसलं तर बहुधा विषय संपला. नव्वदच्या दशकातल्या इश्यूंच्या लाटेत आलेल्या कित्येक कंपन्यांचे कागद आता फक्त फ्रेम करण्याजोगे आहेत.

आता आरटीए. या दाराबद्दल लोकांची तक्रार असते की तेच तेच कागद मागतात. तक्रार अर्धी खरी. फॉर्म ठरलेले आहेत आणि प्रत्येक आरटीएच्या साइटवर फुकट मिळतात. आयएसआर-१ पॅन, पत्ता, मोबाइल आणि बँक खातं नोंदवण्यासाठी, आयएसआर-२ बँकेकडून सही प्रमाणित करण्यासाठी, एसएच-१३ नामनिर्देशनासाठी, आणि नॉमिनी नको असेल तर आयएसआर-३. सोबत पॅन आणि आधारची स्वतः सही करून तारीख घातलेली प्रत, आणि धारकाचं नाव छापलेला कॅन्सल चेक. चेकवर नाव नसेल तर बँकेने प्रमाणित केलेलं पासबुकचं पान. या टप्प्यावर मूळ सर्टिफिकेट पाठवायचं नसतं. तरीही लोक घाईने पाठवतात आणि मग ते कुठल्या फाइलला लागलं हे शोधत बसतात. एका माणसाचे एकाच आरटीएकडे अनेक फोलिओ असतील तर एका आयएसआर-१ मध्ये सगळे लिहिता येतात, जागा कमी पडली तर वेगळा कागद जोडायचा. १ एप्रिल २०२४ पासून कागदी शेअरवरचा डिव्हिडंड थेट बँक खात्यातच येतो आणि तोही केवायसी पूर्ण असेल तरच. त्यामुळे विकायचं नसलं तरी हा टप्पा करून ठेवावाच लागतो.

पॅन आधारशी जोडलेलं नाही म्हणून अर्ज परत आला तर आधी धारकाचं वय बघा. ८० पूर्ण केलेल्यांना या जोडणीतून सूट आहे. काउंटरवर हे माहीत असेलच असं नाही, तेव्हा जन्मतारखेच्या पुराव्यासह एका ओळीचं पत्र आधीच लावून टाका.

बँकेचं दार दिसायला सगळ्यात सोपं, पण चारांतलं सगळ्यात हट्टी हेच. आयएसआर-२ एका पानाचा फॉर्म. त्यात खातं कधी उघडलं ती तारीख, धारकाचा फोटो, मॅनेजरचं नाव, हुद्दा, एम्प्लॉयी कोड, सही आणि बँकेचा शिक्का लागतो. शाखेत हा फॉर्म बघितलेला नसतो, म्हणून "आमच्याकडे हे करत नाहीत" असं उत्तर पहिल्यांदा हमखास येतं. दुसऱ्यांदा आरटीएचं पत्र दाखवलं की सही मिळते, पण एम्प्लॉयी कोड राहतो, किंवा शिक्का फोटोवर न येता बाजूला पडतो. आरटीए ते मान्य करत नाही आणि गाडी परत पहिल्या स्टेशनवर. शाखेतून बाहेर पडण्याआधी फॉर्मचा एकेक रकाना बोट ठेवून तपासा. आणि एक जास्तीचा कोरा फॉर्म सोबत न्या.

सहीचं दुखणं वेगळंच. १९८६ साली ठसठशीत इंग्रजीत केलेली सही आणि आज थरथरत्या हाताने उमटलेली सही जुळत नाही, जुळणारही नाही. आजोबांना घरी कागदावर पन्नास वेळा जुनी सही गिरवायला लावण्यात अर्थ नाही, त्याने त्यांचा हात आणि मन दोन्ही थकतं. योग्य क्रम असा: आधी बँकेत अर्ज देऊन बँकेच्या नोंदीतली सही आजची करून घ्या, मग त्याच सहीने आयएसआर-२ भरा, आणि डीमॅट खातं, आयएसआर-१, डीमॅट विनंती फॉर्म सगळीकडे तीच सही चालवा. किरकोळ फरक असेल तर आरटीए धारकाच्या पत्त्यावर पत्र पाठवून आक्षेप घ्यायला १५ दिवस देतो आणि उत्तर आलं नाही तर काम पुढे सरकतं. पण त्यासाठी पत्ता आजचा हवा. पत्र जुन्या चाळीत गेलं आणि "पत्त्यावर राहत नाही" म्हणून परत आलं की तेच संशयाचं कारण होतं.

नावाची भानगड बायकांच्या सर्टिफिकेटांवर जास्त. शेअर माहेरच्या नावावर, पॅन सासरच्या नावावर. किंवा सर्टिफिकेटवर नुसती आद्याक्षरं आणि पॅनवर नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव. आद्याक्षरांचा फरक सहसा ओळखपत्राच्या प्रतीवर आणि एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याच्या प्रतिज्ञापत्रावर सुटतो. लग्नानंतरच्या नावबदलाला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते. साठ-सत्तरच्या दशकातल्या लग्नाची नोंद बऱ्याच घरांत नसते. अशा वेळी राजपत्राचा रस्ता धरावा लागतो. त्याला वेळ जातो, पण त्यानंतर कुणी विचारत नाही. प्रतिज्ञापत्रासाठी महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या स्टँपची जागा पाचशेच्या स्टँपने घेतली आहे. त्यामुळे मजकूर पक्का होईपर्यंत स्टँप पेपर घेऊ नका. आरटीएकडून मसुदा आधी ई-मेलवर तपासून घ्या.

डीपीचं दार त्या मानाने सरळ. डीमॅट खातं सर्टिफिकेटवर जी नावं ज्या क्रमाने आहेत त्याच नावांनी लागतं. काका आणि काकूंच्या नावाने शेअर असतील तर काकांच्या एकट्याच्या खात्यात ते जात नाहीत. नुसता क्रम उलटा असेल तर क्रमबदल आणि डीमॅट एकत्र करणारा फॉर्म डीपीकडे मिळतो. धारकांपैकी एक जण गेला असेल तर मृत्यू दाखला लावून नाव कमी करून घ्यायचं. हे वारसाहक्काइतकं कठीण नाही, कारण उरलेला धारक आधीपासूनच मालक असतो. वयस्कर माणसासाठी बेसिक सर्व्हिसेस प्रकारचं खातं मागा. १ सप्टेंबर २०२४ पासून ४ लाखांपर्यंतच्या शिल्लकीवर वार्षिक शुल्क शून्य, त्यापुढे १० लाखांपर्यंत १०० रुपये. विक्री प्रतिनिधी हे आपणहून सांगत नाहीत. आणि एक गोष्ट खातं उघडण्याआधीच विचारा: कागदी शेअर जमा करून घेता का, कुठे? फक्त ॲपवर चालणाऱ्या ब्रोकरकडे सर्टिफिकेट कुरिअरने त्यांच्या मुख्य कार्यालयाला पाठवावं लागतं. मूळ कागद कुरिअरच्या भरवशावर सोडण्यापेक्षा काउंटर असलेली बँक किंवा जवळचा जुना ब्रोकर बरा, चार पैसे जास्त पडले तरी.

प्रत्येक कंपनीसाठी वेगळा डीमॅट विनंती फॉर्म. जमा करताना पोच घ्या, आणि डीपी सिस्टीममध्ये नोंद करतो तेव्हा मिळणारा विनंती क्रमांक मागून घ्या, तो नसेल तर पुढे आरटीएकडे चौकशीच करता येत नाही. अर्ज फेटाळला गेला तर कारण लिहून येतं: सही जुळत नाही, डिस्टिंक्टिव्ह नंबर चुकला, सर्टिफिकेट स्प्लिटनंतर रद्द झालंय. शेवटचं कारण आलं तर घाबरू नका. शेअर जात नाहीत, फक्त तो कागद बाद झालेला असतो, आणि बदली शेअरची मागणी आयएसआर-४ ने करायची असते. डुप्लिकेट किंवा बदली सर्टिफिकेटच्या कामांत कंपन्या २०२२ पासून नवा कागद देत नाहीत, शेअर डीमॅट स्वरूपातच देतात. त्या व्यवस्थेत ज्यांच्या हाती "लेटर ऑफ कन्फर्मेशन" (सर्टिफिकेटऐवजी मिळणारं, डीमॅटसाठी वापरायचं पत्र) आलं असेल त्यांनी पत्रावरच्या तारखेपासून १२० दिवस मोजावेत. तेवढ्यात डीमॅटचा अर्ज गेला नाही तर शेअर कंपनीच्या सस्पेन्स एस्क्रो खात्यात जातात. तिथून ते परत मिळतात, पण आणखी एक अर्ज करूनच.

धारक हयात नसतील तर आयएसआर-५. नॉमिनीचं नाव फोलिओवर असेल तर मृत्यू दाखला, नॉमिनीचं पॅन आणि हा फॉर्म एवढ्यावर काम होतं. नॉमिनी नसेल तर शेअरच्या किमतीवर सगळं ठरतं. मे २०२२ मध्ये सेबीने कागदी शेअरसाठी सोप्या कागदपत्रांची मर्यादा प्रत्येक कंपनीमागे ५ लाख रुपये केली. त्या आत असेल तर सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र, सगळं नोटरी करून. त्यावर असेल तर न्यायालयाचा वारसा दाखला, प्रोबेट (मृत्युपत्रावरची न्यायालयाची मोहर) वगैरे. अर्जाच्या दिवशी मर्यादा किती आहे ते आरटीएकडे विचारून घ्या. आणि मर्यादा प्रत्येक कंपनीला वेगळी लागू होते हे विसरू नका. पाच कंपन्यांचे मिळून १२ लाख होत असतील तरी एकेक कंपनी आत बसत असेल, तर न्यायालयात जायची गरज नाही. वकिलाकडे जाण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा. न्यायालयात जावंच लागलं, तर दाव्यात सगळ्या कंपन्यांचे फोलिओ आणि शेअरची आजची संख्या लिहा. सर्टिफिकेटवरची जुनी संख्या लिहिली तर आदेश अपुरा ठरतो.

चौथं दार आयईपीएफचं, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीचं. सलग ७ वर्षं डिव्हिडंड घेतला नाही तर डिव्हिडंड आणि शेअर, दोन्ही या निधीकडे जातात. हातात मूळ सर्टिफिकेट असलं तरी जातात, लोकांना हेच पटत नाही. आपलं नाव तिथे आहे का ते आयईपीएफच्या संकेतस्थळावर शोधता येतं. मागणी करायला मुदत नाही. आयईपीएफ-५ फॉर्म ऑनलाइन भरायला फी नाही. क्रम मात्र बदलला आहे: आधी आरटीएकडे केवायसी, आणि वारस असाल तर वारसाहक्काचे सगळे कागद देऊन कंपनीकडून हक्कपत्र घ्यायचं, मग ऑनलाइन अर्ज, मग अर्जाची छापील प्रत, हमीपत्र, रेव्हेन्यू स्टँप लावून सही केलेली आगाऊ पावती, मूळ सर्टिफिकेट आणि डीमॅट खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद) कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या माणसाकडे. क्लायंट मास्टर लिस्टवर डीपीचा शिक्का हवा, ॲपवरून काढलेली नुसती प्रिंट परत येते. कंपनीने ३० दिवसांत पडताळणी अहवाल द्यायचा आणि त्यानंतर प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय घ्यायचा, असा नियम आहे. पण हे ६० दिवस अर्ज निर्दोष असेल तरच. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित अर्ज करता येतो, त्यामुळे अर्धवट आकड्यांवर घाईने अर्ज टाकणं महागात पडतं. सुधारणेच्या दृष्टीने एक चांगली गोष्ट, प्राधिकरणाने सेबीबरोबर "निवेशक शिबिर" भरवायला सुरुवात केली आहे. पहिलं जून २०२५ मध्ये पुण्यात झालं. आरटीए आणि अधिकारी एकाच सभागृहात भेटतात, अडकलेल्या फाइलला तेवढंच पुरतं.

"तुमचे शेअर सोडवून देतो" म्हणणारे एजंट हे पाचवं दार, आणि ते टाळता आलं तर टाळाच. यातले काही जण खरंच काम जाणतात आणि वारस चार शहरांत विखुरलेले असतील तर उपयोगी पडतात. पण फी शेअरच्या किमतीच्या टक्केवारीत मागतात, आणि कागदांची संख्या किमतीवर नव्हे, प्रकरणाच्या प्रकारावर ठरते. धारक हयात आहेत, सही जुळते, नाव जुळतं अशा सरळ कामाला टक्केवारी देणं म्हणजे पोस्टात पत्र टाकायला वाटणीचा करार करणं. घ्यायचीच मदत तर ठरावीक रकमेवर घ्या, काम झाल्यावर पैसे द्या, कुलमुखत्यारपत्र देऊ नका आणि मूळ सर्टिफिकेट त्यांच्या हातात ठेवू नका. ओटीपी विचारण्यासाठी आजींना थेट फोन करणाऱ्याशी बोलणंच नको.

आरटीए किंवा कंपनी ३० दिवस उत्तर देत नसेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करा. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या आवृत्तीत संबंधितांना २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रारीत भावना नको, फक्त फोलिओ नंबर, अर्जाची पोच आणि तारखा. चारही दारांपेक्षा हे दार चोख चालतं, आणि वापरायला फुकट आहे.

शेअर खात्यात दिसू लागले की विकायच्या आधी एक बघा. ब्रोकरच्या ॲपमध्ये खरेदीची तारीख म्हणून डीमॅट जमा झाल्याचा दिवस दिसतो आणि खरेदी किंमत शून्य किंवा कोरी असते. त्यावरून निघालेला कर अहवाल जसाच्या तसा सीएला दिला तर १९८८ चे शेअर अल्पकालीन नफ्यात जमा होतात. ताबा मूळ खरेदीपासून मोजायचा, वारसाला मिळाले असतील तर मूळ धारकाच्या खरेदीपासून. लिस्टेड शेअरची खरेदी किंमत ठरवताना ३१ जानेवारी २०१८ च्या बाजारभावाचा आधार मिळतो. त्यापुढच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला १.२५ लाख रुपयांपर्यंत कर नाही, त्यावर १२.५ टक्के. रक्कम मोठी असेल तर थोडे ३१ मार्चच्या आत आणि थोडे १ एप्रिलनंतर विकले की ती सूट दोनदा मिळते.